पेटी, चौकट, तोटी

उभ्या फ्रिजचं दार उघडलं की पायांवर गार हवेचा झोत येतो. तो आपल्याला सुखावतो, पण ती आतली थंडी असते आणि ती सांडून गेलेली असते. आडव्या फ्रीझरचं झाकण उचलून पाहावं, तिथे असं काही घडत नाही. गार हवा जड, ती तळ धरून बसते; आपण वाकून आत हात घालतो, हवी ती वस्तू काढतो, झाकण टेकवतो, आणि एवढ्या वेळात थंडीचा वरचा पातळसा थर काय तो हलतो. चेन्नईत किराणा दुकानांच्या दारात, औषधांच्या दुकानाशेजारी, बसथांब्यामागच्या टपरीत आइस्क्रीमच्या चित्रांनी मढवलेल्या अशा पेट्या जागोजागी दिसतात. चित्रं उन्हाने फिकटतात, झाकणाचं रबर कडक होतं, आणि एक दिवस ती पेटी दुकानातून निघते. आज आपण अशाच एका निवृत्त पेटीकडे जरा निवांतपणे पाहू. कारण हौशी हातांनी तिच्यातून घडवलेलं घरगुती बीअरचं यंत्र ही मला आपल्या काळातली एक अत्यंत देखणी कारागिरी वाटते.

ही कारागिरी मूळची अमेरिकेतली. तिथे जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात एका विधेयकावर सही केली आणि पुढच्या वर्षापासून घरी, स्वतःपुरती बीअर तयार करण्याला केंद्रीय कायद्याची आडकाठी उरली नाही. घराघरांत पातेली चढली, मग बाटल्या धुण्याचा कंटाळा आला, बाटल्यांच्या जागी लहान पिंपं आली, आणि पिंपं गार ठेवायला जुन्या फ्रीझरइतकी स्वस्त, प्रशस्त जागा दुसरी नव्हती. तिकडची मंडळी या यंत्राला कीझर म्हणतात.

आता या पेटीला तोट्या बसवायच्या कुठे? भिंतीला भोक पाडावं, हा कोणाच्याही मनात येणारा पहिला विचार. पण फ्रीझर चालू असताना त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाहावा. पत्रा कोमट लागतो. आतल्या पत्र्यामागे थंडी देणाऱ्या नळ्यांची वेटोळी, बाहेरच्या पत्र्यामागे उष्णता टाकणाऱ्या नळ्यांची वेटोळी, आणि दोहोंच्या मध्ये फोमचा जाड थर, अशी ही भिंत असते. दिसायला कोरी, आतून पूर्ण जिवंत. तिच्यात आंधळेपणाने गिरमिट घातलं आणि एखादी नळी फुटली, तर वायू निघून जातो आणि पेटी कायमची मुकी होते. अलीकडच्या पुष्कळ पेट्यांत तो वायू आयसोब्युटेन असतो, म्हणजे पेट घेणारा. म्हणून या कारागिरीतली सर्वांत सुंदर कल्पना जन्माला आली ती भिंतीला न शिवण्याच्या निश्चयातून.

चार फळ्या घ्यायच्या. पेटीच्या वरच्या काठाच्या नेमक्या मापाची लाकडी चौकट जोडायची. झाकणाच्या बिजागऱ्या सोडवायच्या, चौकट काठावर बसवायची, फटीत सिलिकॉन भरायचं, आणि बिजागऱ्या आता लाकडात ठोकून झाकण पुन्हा वर ठेवायचं. पेटी आणि झाकण यांच्यामध्ये वीतभर उंचीचा एक नवा प्रदेश तयार झाला. आणि हा प्रदेश लाकडाचा आहे, त्यात नळ्या नाहीत, त्याला हवी तितकी भोकं पाडावीत. तोट्या इथे बसतात, तापमान मोजणारी तारही इथूनच आत जाते. शिवाय उभी पिंपं आणि त्यांच्या डोक्यावरच्या जोडण्या यांना जी चार बोटं जागा कमी पडत होती, तीही या चौकटीने मिळवून दिली. एका चौकटीने किती प्रश्न सोडवले पाहा! आणि उद्या कोणाला वाटलं की पेटी पुन्हा आइस्क्रीमला द्यावी, तर चौकट उचलून बाजूला ठेवायची, बिजागऱ्या मूळ भोकांत बसवायच्या. जुन्या देहावर एक ओरखडाही नसतो. जुन्या वस्तूला नवं काम देताना तिच्या जुन्या कामाचा एवढा मान राखलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

चेन्नईत या चौकटीसाठी लाकूड निवडणं हा स्वतंत्र आनंद आहे. या शहरात आणि खाली चेट्टिनाडात जुन्या वाड्यांचे खांब, तुळया, दरवाजे ब्रह्मदेशातून आलेल्या सागवानाचे असत. वाडे पाडले गेले तरी ते लाकूड मरत नाही, पुन्हा विकलं जातं, पुन्हा रंधलं जातं. अशा फळीवर रंधा फिरला की वरची काळी पुटं जातात आणि आतून मधासारखा रंग वर येतो. पांढऱ्या, पोचे पडलेल्या पत्र्यावर ही सोनेरी पट्टी बसते तेव्हा यंत्राला एकदम घराचं रूप येतं. मात्र लाकूड थंडी राखण्यात फोमच्या मानाने बरंच कच्चं; म्हणून जाणता कारागीर चौकटीला आतल्या बाजूने फोमचं अस्तर लावतो. बाहेरून सागवान पाहताना त्या न दिसणाऱ्या अस्तराचीही आठवण ठेवावी.

तोटीकडे येऊ. दांडा पुढे ओढला की धार सुटते, मागे लोटला की थांबते, इतकी साधी क्रिया. पण जुन्या घडणीच्या तोटीत झडप मागे असते; धार थांबली तरी चोचीत थोडं पेय उरतं, हवेने सुकतं, चिकटतं, आणि चेन्नईसारख्या ठिकाणी मुंग्यांना तासाभरात पत्ता लागतो. नव्या घडणीत झडप अगदी पुढे, चोचीच्या तोंडाशी आणली आहे. आत हवा शिरत नाही, मागचं सगळं पेय थंड आणि ताजं राहतं. बोटभर धातूतला हा बदल वापरणाऱ्याच्या हातालाच कळतो, दांडा अडत नाही, खरखरत नाही. चौकटीतून आरपार गेलेला धातूचा देठ मात्र बाहेरची उष्णता आत आणतो, त्यामुळे दिवसातला पहिला पेला जरा फेसाळच निघतो. दुसरा पेला शांत असतो. पाहुण्याला दुसरा द्यावा.

या पेटीचा मूळ स्वभाव उणे १८ अंशांचा. तिला ३ ते ५ अंशांवर आणून ठेवायचं, म्हणजे तिच्या यंत्राला कमी धावायला शिकवायचं. त्यासाठी पेटीच्या पोटात काहीच उलथापालथ करावी लागत नाही. माउंट रोडलगतच्या रिची स्ट्रीटवर, जिथे विजेचं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं जे मागाल ते मिळतं, तिथे तळहाताएवढा तापमान-नियंत्रक घ्यायचा. पेटीची पिन त्याच्यात, त्याची पिन भिंतीत. आत गारवा पुरेसा झाला की तो वीज तोडतो, कमी पडला की जोडतो, आणि दोन्हींच्या मध्ये काही मिनिटं मुद्दाम थांबतो, कारण कॉम्प्रेसरला थांबल्याबरोबर पुन्हा चालू केलं तर त्याचा जीव जातो. त्याची संवेदक तार हवेत लोंबकळत ठेवायची नाही. पाण्याने भरलेल्या बाटलीत बुडवायची किंवा पिंपाच्या अंगाला चिकटवून वर फोमची पट्टी लावायची. हवा झाकण उघडताच तापते आणि यंत्राला उगाच घाबरवते. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. नियंत्रकाने हवेचं न ऐकता पाण्याचं ऐकावं, ही युक्ती कोणाला प्रथम सुचली असेल त्याच्या हातात खरा स्वयंपाक्याचा अंदाज असला पाहिजे.

आणि या नव्या जीवनाचा हिशेबही गोड आहे. चेन्नईत बाहेर ३४ अंश असताना आत उणे १८ राखायचे म्हणजे ५२ अंशांची दरी सांभाळायची. आत ४ अंश पुरेसे असले की दरी ३० ची उरते. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता या दरीच्या प्रमाणात असते. ती साठ टक्क्यांच्याही खाली येते. आयुष्यभर धावलेलं जुनं यंत्र आता बराच वेळ विसावा घेतं, आणि रात्री शेजारच्या खोलीत त्याची घरघर ऐकू येण्याऐवजी बहुधा काहीच ऐकू येत नाही.

आत काय आहे? झाकण उघडताच दिसतात ती पोलादी, उंच, सडपातळ पिंपं. एकेकात १९ लिटर मावतात. यांचा जन्म बीअरसाठी झालेलाच नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेलियस कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ही पिंपं कोला आणि सोड्याच्या धंद्यासाठी होती. पुढे तो धंदा खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांकडे वळला, हजारो पिंपं निकामी ठरली, आणि ती घरी बीअर करणाऱ्यांनी उचलली. म्हणजे एक निवृत्त पेटी आणि तिच्या पोटात निवृत्त पिंपं. पिंपाचं झाकण पाहण्याजोगं असतं: लंबवर्तुळाकार. तोंडही तसंच. त्यामुळे झाकण तिरकं करून आत सरकवता येतं आणि मग आतून वर ओढून बसवता येतं. वायूचा दाब जितका वाढेल तितकं ते आपल्या जागी अधिक घट्ट दाबलं जातं. उघडण्याचा प्रयत्न करणारी शक्तीच इथे बंद ठेवण्याच्या कामाला जुंपली आहे. पेटीच्या एका कोपऱ्यात कॉम्प्रेसरसाठी पायरीसारखा उंचवटा असतो, मोठं पिंप तिथे उभं राहत नाही. तर त्या पायरीवर कार्बन डायऑक्साइड वायूची टाकी बसते, जणू जागा तिच्याचसाठी राखली होती.

या वायूचं गणित विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलं: द्रवात किती वायू विरघळेल ते त्यावरच्या दाबावर ठरतं. आणि द्रव जितका गार तितका तो वायूला अधिक सामावून घेतो. ४ अंशांवर, वातावरणाच्या दाबाहून दर चौरस इंचाला सुमारे १२ पौंड अधिक दाब देऊन पिंप आठवडाभर तसंच सोडलं, तर एक लिटर पेयात अडीच लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शांतपणे उतरलेला असतो. हलवायचं नाही, घाई करायची नाही. झाकणाखालच्या अंधारात, कोणीही पाहत नसताना, साध्या पाण्याला धार येत असते.

पण आत बारा पौंडांचा दाब, आणि बाहेर पेला धरलेला माणूस. तोटी उघडताच पेय उसळून निव्वळ फेस व्हायला हवा. तो होत नाही याचं श्रेय एका अत्यंत नम्र वस्तूला आहे. पिंपापासून तोटीपर्यंतचं अंतर हातभर असतं, नळी मात्र तीन मीटरच्या आसपास लांब घेतात, आणि तीही पाच मिलिमीटर आतल्या व्यासाची, बारीक. ती पिंपाच्या डोक्यावर वेटोळं घालून पडलेली असते. नवख्याला वाटतं, एवढी नळी वाया कशाला? पण घाटातल्या वळणावळणांनी खाली उतरलेल्या गाडीसारखा पेयाचा जोर त्या लांबीत, नळीच्या भिंतींशी घासत घासत, खर्ची पडतो, आणि ते तोटीशी येतं तेव्हा त्याच्यात फक्त वाहण्यापुरतीच घाई उरलेली असते. नळी फूटभर कापली तर फेस वाढतो, फूटभर वाढवली तर धार मंदावते. माझ्या लेखी या सगळ्या यंत्रातली सर्वांत रसिक गोष्ट ही आहे.

चेन्नईचं स्वतःचं असं एक आव्हान या यंत्राला भेटतं, ते म्हणजे हवेतलं पाणी. समुद्राकाठच्या दमट दिवसांत इथे पंचवीस अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरतं. मग ४ अंशांच्या पेटीचं झाकण उघडणं म्हणजे बाष्पाला आत बोलावणंच. तळाशी पाणी साचतं, कोपऱ्यात बुरशी धरते. म्हणून आत ओलावा शोषणारे खडे ठेवतात, आणि संगणकातला छोटा पंखा तळातली जड हवा वर ढवळत राहतो, नाहीतर पिंपाचे पाय गारठतात आणि वर तोटीजवळची नळी कोमट राहते. एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. कार्बन डायऑक्साइडही जड आहे. ज्या गुणामुळे थंडी पेटीत टिकते, त्याच गुणामुळे गळलेला वायूही पेटीत टिकतो. झाकण उघडल्याबरोबर डोकं आत घालू नये. खोलीची खिडकी उघडी असावी, जरा वेळ जाऊ द्यावा, मग वाकावं.

आता पिंपात काय भरायचं, हा प्रश्न. तामिळनाडूत घरी बीअर करता येत नाही. राजाजींच्या मंत्रिमंडळाने १९३७ मध्ये मद्रास इलाख्यात मद्यबंदीचा कायदा आणला, सेलम जिल्ह्यापासून सुरुवात केली. बंदी पुढे सैल झाली, उठली, पण परवान्यावाचून मद्य तयार करणं आजही गुन्हा आहे, आणि महाराष्ट्रातही तसंच आहे. याने मला जराही खिन्न व्हावंसं वाटत नाही. कारण बीअर आणि सोडा यांचं नातं फार जुनं, फार जवळचं आहे. १७६७ च्या सुमारास लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली एका बीअरच्या कारखान्याशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपांवर वायूचा जो जड थर तरंगत असे, त्यात त्यांनी पाण्याचं भांडं धरलं, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं, आणि ते चाखलं तर जिभेला सुखद बोचलं. १७७२ मध्ये त्यांनी या पाण्याची कृती छापली. सोडा असा बीअरच्या पिंपावर जन्मला. तेव्हा बीअरच्या यंत्रातून सोडा वाहू लागला तर ते परकं काही घडत नाही. पिंपं तर मुळात सोड्याचीच.

आणि ज्या शहरात आपण उभे आहोत, त्या शहराला गारव्याची पेटी नवी नाही. मरीनाच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून, एक गोलाकार इमारत उभी आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी ती १८४२ मध्ये बांधली, आणि ती निव्वळ एक फ्रीझर होती. न्यू इंग्लंडच्या तळ्यांवर हिवाळ्यात गोठलेला बर्फ घोड्यांनी ओढायच्या नांगरांनी चौकोनी कापायचा, लाकडाच्या भुशात दाबून जहाजात रचायचा आणि अर्ध्या जगाला वळसा घालून हिंदुस्थानात आणायचा, असा त्यांचा व्यापार. १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाचं जहाज मे महिन्यात १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघालं आणि सप्टेंबरात कलकत्त्याला लागलं, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. विषुववृत्त दोनदा ओलांडून! वॉल्डन तळ्यावर १८४६–४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसं बर्फ कापताना अमेरिकन लेखक थोरोने पाहिली, आणि आपल्या विहिरीचं पाणी मद्रासचे, मुंबईचे लोक पितील या विचाराने तो हरखला. ते त्याने १८५४ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. मद्रासला त्या वेळी बंदर नव्हतं. जहाज दूर उभं राही आणि दोऱ्यांनी शिवलेल्या मसुला होड्या लाटांतून माल किनाऱ्यावर आणत. भुसा, जाड भिंती, कमीत कमी उघडझाप, एवढ्याच भांडवलावर त्या इमारतीने मद्रासच्या उन्हात बोस्टनचा हिवाळा सांभाळला.

१८७० च्या दशकात इथेच वाफेच्या यंत्रांवर बर्फ होऊ लागला, ट्यूडरचा धंदा बसला, आणि ही प्रचंड पेटीही निवृत्त झाली. ती विकत घेतली हायकोर्टातले वकील बिलिगिरी अय्यंगार यांनी. त्यांनी काय केलं ते आपण आता नीट ओळखू शकतो. थंडी कोंडण्यासाठी घडवलेल्या देहाभोवती त्यांनी गोल सज्जे फिरवले आणि पुष्कळ खिडक्या काढल्या. नळ्यांची वेटोळी नसलेल्या भिंती होत्या त्या, त्यांना फोडणं परवडत होतं. बर्फासाठी जे कडेकोट होतं ते वाऱ्यासाठी मोकळं झालं; एका भागात त्यांनी गरीब विद्यार्थ्यांना राहायला जागा दिली. १८९७ च्या फेब्रुवारीत पश्चिमेहून परतलेले विवेकानंद इथे नऊ दिवस राहिले, आणि त्यानंतर त्यांचे गुरुबंधू रामकृष्णानंद यांनी इथेच मठ सुरू केला. पुढे सरकारने इमारत घेतली आणि समाजसुधारक भगिनी सुब्बलक्ष्मी यांनी सांभाळलेल्या बालविधवा मुली इथे राहून शिकल्या. हिंगण्याला कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी जे केलं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या भिंतींत काय घडत होतं हे वेगळं सांगायला नको. १९६३ पासून तिचं नाव विवेकानंदर इल्लम. कलकत्त्याचं आणि मुंबईचं बर्फघर काळाच्या ओघात गेलं. इथलं उभं आहे, आणि आजही रिक्षावाल्याला ‘आइस हाउस’ म्हटलं की तो त्या भागात नेऊन सोडतो, तिथल्या पोलीस ठाण्याचंही नाव तेच. मला वाटतं ते टिकलं याचं कारण त्या सज्ज्यांत आहे. बर्फ गेल्यावर त्या घराला कोणीतरी एक नवं वलय दिलं.

तेव्हा आपल्या पेटीच्या सागवानी चौकटीवर तीन तोट्या असाव्यात असं मी सुचवतो. पहिलीत नन्नारी: आपल्याकडची उपळसरी, अनंतमूळ, तिच्या मुळांचा काढा, गूळ नव्हे साखर, वरून लिंबू, आणि वायूचा चटका. चेन्नईच्या उन्हाळ्यात हातगाड्यांवर ती सरबत होऊन मिळते, पण पिंपातल्या आठवड्याभराच्या मुक्कामानंतर तिचा मातकट सुगंध पेल्याच्या तोंडाशी येण्याआधी नाकाशी येतो. दुसरीत आलं, नीट गाळून घेतलेलं, जरा तिखट. यीस्ट नको, आंबवणं नको, वायू आहेच. तिसरीत आमसुलाचं सार म्हणावं इतकं दाट नाही असं कोकम, जिऱ्याची पूड न घालता, कारण बारीक पूड त्या तीन मीटरच्या नळीत अडकते आणि प्रत्येक कण फेसाला निमित्त देतो. जिरं पेल्यात वरून भुरभुरावं. कोकणातला कोणी पाहुणा चौथ्या तोटीत सोलकढीचा आग्रह धरील. त्याला प्रेमाने नाही म्हणावं. नारळाचं दूध नळीला धरतं, झडपेला धरतं आणि वायूने फुटतं. सोलकढी काचेच्या भांड्यात त्याच पेटीत, वायूच्या टाकीशेजारी पायरीवर गार करावी आणि पळीने वाढावी.